पस्तीस अंश

कोराडीत असताना
मी वाफ पाचशे चाळीसवर ठेवायचो.
तीस वर्षं, तीन पाळ्या, काचेआड एक काटा.
तो दोन घरं हलला
की पोटात कालवायचं.

आता पस्तीस.
तेही बल्बच्या भरवशावर,
वाठोड्यात, घरामागच्या टिनाच्या खोलीत.

"पन्नासचे द्या, एक वरून," डोंगरे म्हणाला.
हिंगण्याहून स्कूटरवर आणली,
भोकं पाडलेला खोका वच्छलाच्या मांडीवर.
तिच्या खांद्यावरची शाल
खोक्यावर कधी गेली, कळलं नाही.

पत्रा गोल वाकवला.
कोपरा ठेवायचा नाही, हे पहिलं.
कोपरा दिसला की भ्यालेली सगळी तिकडे धावतात,
एकावर एक चढतात
आणि खालची गुदमरतात.
तळाला धानाचं तूस, त्यावर पेपर,
नाहीतर दाणा सोडून तूसच टिपत बसतात.
गुळाचं पाणी.
प्रत्येकाची चोच एकदा बुडवून दाखवायची,
एक्कावन्न वेळा,
बॉयलरवर भाजून जाड झालेल्या या बोटांनी.

शेजारची रुचिता विचारते,
"आबाजी, थर्मामीटर काहून नाही पाहत?"
लावलंय की. पण पिल्लांकडे बघावं, पोरी.
बल्बखाली गठ्ठा, चिवचिव चढलेली: थंडी.
पत्र्याला चिकटून चोची उघड्या: उकडतंय.
सगळी एकाच अंगाला: कुठंतरी फट आहे.
आणि मूठभर तांदूळ फेकावेत
तशी कुठंही, कशीही सांडलेली,
एखादं तर मान टाकून, मेल्यासारखं:
मग ठीक.
त्या 'ठीक'नं मला पहिल्या रात्री
चारदा उठवलं.

तिसऱ्या रात्री, दोन चाळीसला, लाईन गेली.
बाहेर पारा आठवर.
गच्चीवर जाऊन पाहिलं:
कोराडीच्या चिमण्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते.
म्हणजे वीज तिथं होती.
इथवर येत नव्हती.
हा रस्ता मी कधी या टोकाकडून पाहिला नव्हता.

शेगडी नको, मी म्हणालो.
बंद खोलीत कोळसा झोपवतो, उठवत नाही.
वच्छलानं गॅसवर पातेलं चढवलं.
सरबताच्या सात काचेच्या बाटल्या,
कढत पाणी, त्यावर माझे जुने निळे सदरे,
खिशावर अजून नंबर शिवलेला.
दर चाळीस मिनिटांनी पाणी बदलायचं.
"पाळ्या लावू," मी म्हणालो.
"लावा," ती म्हणाली. "मले सवय आहे रातपाळीची.
सुबोधले ताप होता तवा
तुम्ही बॉयलरपाशी होते."
चिडून नव्हती बोलत.
बाटलीचं झाकण पिळता पिळता बोलत होती.
मी पुढची बाटली धरली.

एक पिल्लू गठ्ठ्यात शिरेचना.
ते वरून दिलेलंच असणार, असं वच्छलाचं मत.
मी त्याला स्वेटरच्या आत घेतलं.
वजन एवढंसं,
की आहे ना, हे
पुन्हा पुन्हा चाचपावं लागे.

पाच दहाला बल्ब पेटला.
आधी एकच कालवा,
मग गठ्ठा सैल झाला, काठाकाठानं सुटत गेला,
कुणी पाणी प्यायला गेलं, कुणी सदऱ्याचं बटण टोचलं.
मी मोजली. पन्नास.
पुन्हा मोजली. पन्नास.
तुसात हात घातला, पत्र्यामागं पाहिलं,
बाटल्या उचलल्या.
वच्छला दारात उभी राहून
माझ्या स्वेटरकडे बघत होती.
बराच वेळ काही बोलली नाही.

आज आठवडा झाला.
बल्ब चार बोटं वर घ्यायचा, असा नियम.
ऊब अशीच थोडी थोडी काढून घेतात.
दोरीची गाठ सोडून उभा आहे.
दोनच बोटं घेतो.
नियमातल्या चुकीला
इथं कुणी मेमो देत नाही.